हॅलोविनला काय घालायचं? आधी घुसाडी बघून या!

ऑक्टोबर लागला की कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो : यंदा हॅलोविनची थीम काय? कुणी चेटकीण होतं, कुणी व्हॅम्पायर. ज्याला ऐनवेळी काहीच सुचत नाही, त्याच्यासाठी घरातली पांढरी चादर आहेच. वर ब्लूटूथ स्पीकर, नारिंगी फुगे आणि रील. मजा येते, नाही कशाला म्हणा! पण तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातले असाल तर एक सांगायचंय. त्याच सुमारास, शहरापासून तासा-दीड तासावर, माणसं वेश चढवून, अंगाला राख फासून, स्वतःच्या वाद्यांवर नाचत या गावातून त्या गावात जातात. याला म्हणतात दंडारी. आणि त्यातला सगळ्यांत भारी गडी म्हणजे घुसाडी.

पांढरकवडा, झरी जामणीकडचे मित्र म्हणतील, यात नवीन काय? खरंय. पैनगंगेच्या अलीकडे आपण, पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद. पण नकाशावरची ही रेघ राजगोंड आणि कोलामांच्या सोयरिकीला कधी आडवी आली नाही. सण दोन्हीकडे तोच. (झाडीपट्टीत नाटकासारखी रंगते ती दंडार वेगळी बरं का, गल्लत नको.)

आता घुसाडीचा वेश बघा. डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप, शेकडो पिसांचा, त्यावर आरसे चमकतात, काही टोपांना शिंगंही असतात. चेहऱ्यावर खोटी दाढी, उघड्या अंगावर राखेचे पट्टे, खांद्यावर कातडं, कमरेला घुंगरं, हातात काठी. बाकीचे गडी गोल धरून तालात नाचत असतात आणि हे मधेच उड्या मारत घुसतात, चाळे करतात, हसवतात. पथकात काही तरुण बाईच्या वेशातही असतात. संगीत म्हणाल तर शंभर टक्के लाइव्ह. डफ, कातडं ताणलेला गुमेला आणि सनईच्या जातीचं पेप्रे. गोंडांच्या कथा-गाणी पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवणारे परधान कलावंत यातली बरीच वाद्यं वाजवतात.

गंमत म्हणजे, हॅलोविनचं मूळही काही फार वेगळं नाही. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांचा तो सुगी संपून हिवाळा लागतानाचा सण. त्या रात्री मेलेले परत येतात अशी समजूत. पुढे तिथे वेश पालटून दारोदार जायचं, गाणं म्हणायचं आणि खायला मिळवायचं अशी रीत पडली. कंदीलही आधी सलगमचे कोरायचे. भोपळा आला तो ही मंडळी अमेरिकेत गेल्यावर. म्हणजे पार्टी, डीजे, एंट्री पास हे सगळं नंतरचं. मूळ गोष्ट काय, तर वेश घालून दुसऱ्याच्या दारात जायचं आणि त्याने जेवू घालायचं.

दंडारीत हे आजही होतं. एका गावाचं पथक दुसऱ्या गावी पाहुणं जातं. यजमान गाव स्वागत करतं, जेवण देतं, रात्र जागते. या भेटींमध्ये लग्नंही जुळत आली आहेत. आपल्या पार्टीत फार तर इन्स्टा आयडी मिळतो!

पण इथेच एक मोठा फरक आहे आणि तो समजून घ्या. घुसाडी हा कॉश्च्युम नाही, व्रत आहे. टोप चढवला की तो माणूस उतरवेपर्यंत आंघोळ करत नाही, खाटेवर झोपत नाही. गावकरी त्याच्याकडून आशीर्वाद घेतात. टोपाची आणि वाद्यांची आधी पूजा होते. म्हणून कॉलेजात 'ट्रायबल थीम' ठरते, कुणीतरी पिसं खोचून, तोंडाला काळं फासून 'हू हू' करत स्टेजवर येतो, तेव्हा मला हसू येत नाही. प्रेक्षकांत पांढरकवड्याच्या हॉस्टेलवर राहून शिकलेला एखादा मुलगा बसलेला असतो. त्याचा काका गेल्याच आठवड्यात घुसाडी झालेला असू शकतो. चेटकीण व्हा, ड्रॅक्युला व्हा, कुणाची ना नाही. हे तेवढं नको.

या नृत्यासाठी एका माणसाने आयुष्य घातलं : आसिफाबाद जिल्ह्यातल्या मारलवाईचे कनक राजू. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ 1940च्या दशकात ज्या गावात राहून गोंडांचा अभ्यास करत होते, तेच हे मारलवाई. राजूंनी पोरांना घुसाडी शिकवलं, दिल्लीत प्रजासत्ताक दिनी नाचवलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये ते गेले, तेही ऐन दंडारीच्या दिवसांत. त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि हॅलोविन दोन्ही 31 ऑक्टोबरलाच होते. किती स्टोरींमध्ये भोपळा होता आणि किती जणींना-जणांना राजू माहीत होते, ते तुम्हीच आठवा.

बघायचंय? कोजागिरीच्या सुमारास दंडारी सुरू होते आणि दिवाळीपर्यंत चालते. 2026ची दिवाळी 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे 31 ऑक्टोबर बरोबर मधे येतो. याचं पोस्टर लागत नाही, बुकिंग नसतं. वर्गात झरीकडचं कुणी असेल तर त्यालाच विचारा, 'तुमच्याकडे कधी?' त्याच्या ओळखीने जा. गावात पोचलात की आधी पाटलांना, कोलामपोड असेल तर तिथल्या नाईकांना भेटा. फोटो काढायचा तर विचारून, टोपाला हात लावायचा नाही, पूजेच्या वेळी मोबाइल खिशात. गोलात या म्हणून कुणी हाताला धरून ओढलं तर लाजू नका, दोन पावलं टाका. आणि जेवायला बसवलं तर ताटात उरवू नका. परतीची शेवटची एसटी बहुतेक चुकेल, तेवढं घरी आधीच सांगून ठेवा.