गोळीने नव्हे, क्षयाने

युद्धकथा म्हटली, की आपल्याला छातीवर झेललेली गोळी हवी असते. रणांगणावरचा मृत्यू पोवाड्यात जाऊन बसतो. पण जो शिपाई इस्पितळाच्या खाटेवर खोकून खोकून गेला, त्याला कुठे बसवायचे हे आपल्याला उमगत नाही. म्हणूनच बकमसिंग या कॅनडाच्या शिपायाची हकिगत मला सांगाविशी वाटते.

बकमसिंगचा जन्म पंजाबातल्या माहिलपूरचा, १८९३ सालचा. लहानपणीच लग्न झाले आणि १९०७ मध्ये पोट भरण्यासाठी तो कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उतरला. त्याच वर्षी त्या प्रांताने हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेतला. पुढच्या वर्षी नवा नियम आला : मायदेशातून थेट, न थांबता प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश. हिंदुस्थानातून तसे जहाज सुटतच नव्हते! साहजिकच नवऱ्यामागून निघू पाहणाऱ्या बायकांची वाटही बंद झाली. पत्नी प्रीतमकौर पंजाबातच राहिली.

तरीही १९१५ मध्ये हा तरुण कॅनडाच्या सैन्यात भरती झाला. ज्या देशाने मत नाकारले, त्याचाच गणवेश त्याने अंगावर चढवला. पहिल्या महायुद्धात कॅनडाकडून लढलेल्या ज्या शिखांची नोंद सापडते, ते जेमतेम दहा. विसाव्या पायदळ पलटणीबरोबर बकमसिंग फ्लँडर्सच्या चिखलात लढला आणि १९१६ मध्ये दोनदा जखमी झाला. उपचार झाले ते कवी-डॉक्टर जॉन मॅक्रे यांच्या इस्पितळात. दोन्ही जखमांतून तो उठला. पण इंग्लंडमध्ये विश्रांती घेत असताना क्षयाने त्याला गाठले.

आज क्षयाला औषध आहे. तेव्हा मोकळी हवा, सकस आहार आणि विश्रांती एवढाच उपचार होता. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागायला १९४३ साल उजाडावे लागले. मॅक्रे स्वतः जानेवारी १९१८ मध्ये न्यूमोनियाने गेले. बकमसिंगला कॅनडाला परत पाठवण्यात आले. तिथे ऑन्टारिओतल्या किचनर गावी २७ ऑगस्ट १९१९ रोजी त्याने डोळे मिटले. वय अवघे २५. उशाशी घरचे कोणी नव्हते.

त्याचे विजयपदक २००८ मध्ये इंग्लंडमध्ये विक्रीला आलेले संदीपसिंग ब्रार या संशोधकाच्या हाती लागले. अशा पदकांच्या कडेवर शिपायाचे नाव कोरलेले असते. त्या नावाचा माग काढत ते किचनरच्या माउंट होप दफनभूमीत पोचले. आता दर नोव्हेंबरात तिथे लोक जमतात, मानवंदना देतात.

राष्ट्रकुलाच्या युद्ध-समाधी आयोगाचा एक नियम मला फार माणुसकीचा वाटतो. ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत सैनिकी सेवेत असताना मेलेला सैनिक युद्धातलाच मृत धरला जातो. मग गोळी लागो वा आजार होवो. पद, धर्म, वंश यांवरून समाधीत भेद करायचा नाही, हेही आयोगाचे तत्त्व.

कॅनडातल्या हिंदी लोकांना मताधिकार परत मिळाला तो १९४७ मध्ये. बकमसिंगला जाऊन तेव्हा २८ वर्षे झाली होती. नागरिक म्हणून जे त्याला जिवंतपणी मिळाले नाही, ते सैनिकांच्या यादीत मृत्यूनंतर मिळाले : बरोबरीची जागा. शौर्य मोजताना माणूस कशाने मेला हे आपण विचारतो. तो कशासाठी गेला होता, हे विचारायला हवे.