पालीचा पहारेकरी

रायगड जिल्ह्यातील पाली हे गाव बल्लाळेश्वराच्या देवस्थानामुळे सर्वांस परिचित आहे. गावाच्या पाठीशी उभा असलेला सरसगड मात्र पुष्कळसे यात्रेकरू दुरूनच पाहतात आणि परत फिरतात.

सरसगडाची उंची सुमारे ४९० मीटर, म्हणजे रायगडाच्या मानाने पुष्कळच कमी. मग त्याचे महत्त्व कशात आहे? त्याचे उत्तर माथ्यावर गेल्यावर मिळते. सह्याद्रीत उगम पावलेली अंबा नदी पालीवरून नागोठण्याकडे जाते व पुढे धरमतरच्या खाडीस मिळते. पूर्वी नागोठण्याच्या बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून सवाष्णीच्या घाटासारख्या वाटांनी देशावर नेत असत. नदीचे खोरे आणि ही वाट दोन्ही सरसगडावरून दृष्टीच्या टप्प्यात येतात. शत्रूची चाहूल प्रथम येथे लागावी, यासाठी हा टेहळणीचा किल्ला होता. युद्धास सिद्ध असा थोरला सुधागड जवळच होता.

गडावर जाताना एका अरुंद घळीत कातळात खोदलेल्या ९६ पायऱ्या लागतात. त्या इतक्या उंच आहेत की, रिकाम्या हाताने चढणाराही धापा टाकतो. मग ढाल-तलवार घेऊन येणाऱ्या शत्रूची काय अवस्था होत असेल! शिवाय तेथे फौज एकदम चढू शकत नाही. एकामागून एकच यावे लागते. वर दरवाजाशी मूठभर शिबंदी असली, तरी ती पुरेशी होई.

परंतु तटाहूनही मोलाचे होते ते पाणी. कोकणात पाऊस विपुल पडतो, पण तो चारच महिने. पाणी संपले, तर अभेद्य गडही न लढता शत्रूच्या हाती जाई. म्हणून पाथरवटांनी कातळात टाकी खोदली. त्यांतून निघालेला दगड बांधकामास आला आणि पोकळीत पावसाचे पाणी साठले. एकाच श्रमाने दोन कामे साधली!

शिवकाळात स्वराज्याचे रक्षण करणारा हा गड पुढे भोरच्या पंतसचिवांकडे आला. १९४८ साली भोर संस्थान विलीन झाले. आता गडावर शिबंदी नाही. टाकी मात्र आजही पावसाने भरतात. ती खोदणाऱ्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. पाण्यात कचरा न टाकता जो गड उतरतो, तो त्या अनामिकांचा पहारा पुढे चालवतो.