राजा म्हणजे कोण?

"ताई, तुम्ही सगळ्या जाऊन या. मी नाही येत." सहलीचा विषय निघाला की आमच्या बचत गटातल्या एका वहिनींचं हे ठरलेलं उत्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा तापाचं निमित्त होऊन गेला. तेव्हापासून त्या पापड लाटतात, गटाचा हिशेब चोख ठेवतात, पण कुठे जाणं-येणं नाही. आणि आम्ही? त्यांच्यासमोर मुलाचा विषय काढायचाच नाही, हे आम्ही न बोलताच ठरवून टाकलं होतं. त्या आल्या की आपापल्या मुलांचं कौतुकही बंद!

या वेळी मात्र मी त्यांना अक्षरशः ओढून नेलं. पुण्यात बाजीराव रोडवरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात.

मैत्रिणींनो, इथे राजेरजवाड्यांची तख्तं बघायला कुणी जाऊ नये. इथे आहेत दिवे, पानाचे डबे, दौती, वाद्यं, खेळणी, स्वयंपाकघरातली भांडी. अडकित्त्यांचे तर किती आकार! पाय घासायची साधी वज्री, पण तिच्यावरही कुणा कारागिराने पक्षी-प्राणी बसवलेले. "अगं बाई, अश्शीच खवणी होती माझ्या आजीकडे," एकजण म्हणाली. दुसरी हळूच म्हणाली, "आमचा पितळी सोऱ्या मी मोडीत घातला गं... सासूबाई दोन दिवस बोलल्या नव्हत्या." आम्ही हसलो आणि मग जरा गप्पच झालो. प्रत्येकीच्या घरातून असं काही ना काही गेलेलंच होतं.

तेवढ्यात वहिनींनी विचारलं, "ताई, हे राजा म्हणजे कुठले संस्थानिक?"

माझी जीभ अडखळली. खरं सांगू की विषय बदलू? शेवटी सांगितलं. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) म्हणजे काका केळकर. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायचे. साधारण १९२० पासून त्यांनी गावोगाव हिंडून जुन्या वस्तू जमवल्या. पत्नी कमलाबाईंची साथ होती. कोथरूडचा मस्तानीचा महालसुद्धा त्यांनी इथे आणून उभा केला. वीस हजारांच्या वर वस्तू झाल्या आणि १९७५ मध्ये हे सगळं त्यांनी राज्य सरकारला देऊन टाकलं. "आणि राजा हा त्यांचा मुलगा हो. लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीसाठी हे नाव."

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, चुकलंच आपलं! मग म्हणाल्या, "म्हणजे इथे येणारा प्रत्येकजण त्या पोराचं नाव घेतो."

पुढे खेळण्यांपाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्याने हे सगळं उघडून बघितलं असतं, आत काय आहे म्हणून." आणि त्यांनी मुलाचं नाव घेतलं. दोन वर्षांत माझ्या कानांवर ते पहिल्यांदा पडलं.

परतताना बसमध्ये त्या मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही कुणी त्याचं नावच घेत नाही. मला वाटायचं, तुम्ही सगळ्या त्याला विसरलात."

मी काय बोलणार? आम्ही त्यांचं दुःख जपत होतो असं समजत होतो. खरं तर आमचा अवघडलेपणा जपत होतो.

पुढच्या बैठकीत मी धीर करून विचारलं, "त्याला खायला काय आवडायचं हो?" वहिनी म्हणाल्या, "साबुदाण्याची खिचडी. पण दाण्याचं कूट दिसलं की नाक मुरडायचा." बोलता बोलता डोळ्यांना पदर लावला आणि हसल्याही.

आपल्या ओळखीतही अशी एखादी आई असेल. सांत्वनाचे मोठे शब्द नकोत. तिच्या मुलाचं नाव घेऊन त्याची एखादी आठवण विचारा. ती रडेल कदाचित. रडू द्या, आणि जवळ बसा.