आवाज नेमका कुठे वाढवावा?

१४ एप्रिल जवळ आला की वस्तीत घरोघर भीमगीते लागतात. पण मोबाईलचा आवाज बारीक आणि ॲम्प्लिफायरचे बटण शेवटपर्यंत फिरवलेले! मग गाण्याबरोबर खरखरही वाढते, शब्द कळत नाहीत. खरी पद्धत उलटी आहे. आधी ॲम्प्लिफायर शून्यावर आणावा. मोबाईल ८० टक्क्यांच्या आसपास व बासचे बटण मध्यावर ठेवावे. मग ॲम्प्लिफायर हळूहळू, शब्द स्पष्ट येईपर्यंतच वाढवावा. आवाज फाटू लागताच मागे घ्यावा, नाहीतर स्पीकरची कॉइल जळू शकते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. बाबासाहेबांचा ‘शिका’ हा संदेश गाण्यातून ऐकताना भिंतीपलीकडे अभ्यासाला बसलेले पोर आपण विसरता कामा नये.