चंद्रपूरच्या कोटाभोंवतीं एक दिवस

सुटी लागली कीं दूरदूरच्या किल्ल्यांचीं व बागांचीं नांवें मुलांच्या ओठांवर येतात; परंतु ज्या वेशींतून आपण रोज बाजारास जातों ती कोणीं बांधली, असें विचारल्यास पुष्कळजण गप्प बसतात. म्हणून गेल्या हिवाळ्यांत सहलीसाठीं आम्हीं आपल्या चंद्रपूरचाच कोट निवडला. तो कसा पाहावा, हें थोडक्यांत सांगतों.

चंद्रपूरचें जुनें नांव चांदा. गोंड राजांची त्यापूर्वींची राजधानी वर्धेच्या कांठीं बल्लारपुरास होती. दंतकथा अशी कीं, खांडक्या बल्लाळशहा राजाचें अंग गांठींनीं भरलें होतें. शिकारीस गेला असतां तो झरपटीच्या कोरड्या पात्रांतील एका खळग्याचें पाणी प्याला व व्याधिमुक्त झाला. त्याच रानांत एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करतांना दिसला, तेव्हां राणीनें तेथेंच नगर वसवण्याचा सल्ला दिला. कथा कथेच्या जागीं राहो. परंपरेप्रमाणें कोटाचा पाया पंधराव्या शतकांत पडला, आणि तो पुरा होण्यास कित्येक पिढ्या लागल्या.

तटाचा घेर सुमारें ११ किलोमीटर आहे. पश्चिमेस इरई व पूर्वेस झरपट, अशा दोन नद्यांच्या मध्यें हें नगर वसलें. उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा व पश्चिमेस बिनबा, अशा ४ वेशी आहेत. शिवाय ५ खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे.

सकाळीं लवकर जटपुऱ्यापासून निघावें. वेशीवर हत्तीस दाबून धरणारा सिंह कोरलेला आहे. तें गोंड राजांचें चिन्ह होय. तेथून रामाळा तलावाकडे वळावें व तेथील बागेंत न्याहारी करावी. पुढें अचलेश्वर वेशीजवळ राजांच्या समाध्या लागतात. त्यांतील बीरशहाची समाधि त्याची राणी हिराई हिनें बांधली. वेशीबाहेरील महाकालीच्या देवळाशींही तिचेंच नांव निगडित आहे. शेवटीं पठाणपुऱ्यास दिवस मावळतांना पोंचावें.

ह्या तटानें बरेंच पाहिलें आहे. १७५१ मध्यें चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेलें. मे १८१८ मध्यें इंग्रजांच्या तोफांनीं तटास भगदाड पाडून शहर घेतलें. परंतु तोफेहून चिवट शत्रु पिंपळ आहे. पक्ष्यांच्या विष्ठेंतून बीं सांध्यांत पडतें, मूळ जाड होऊन दगड सरकवतें, आणि त्या फटींत पावसाचें पाणी शिरून आंतील चुना-माती धुऊन नेतें. मार्च २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनीं शेंकडों दिवस श्रम करून तटावरील झाडझाडोरा काढला, तेव्हां कोठें लोकांना हा वारसा पुन्हा नीट दिसला.

आमच्या सहलींतील एक मुलगा खिळ्यानें दगडावर आपलें नांव कोरूं लागला. मीं त्यास विचारलें, "हा दगड ज्यानें घडवला, त्याचें नांव येथें कोठें आहे?" त्यानें दगडावरून हात फिरवून पाहिलें. मग खिळा खिशांत घालून तो मुकाट्यानें पुढें चालूं लागला. परततांना मात्र तो सर्वांच्या मागें राहून इतरांनीं टाकलेले कागद गोळा करीत होता.

गडचिरोलीकडील मुलांनीं निराश होऊं नये. जुन्या काळीं हिऱ्यांच्या खाणींसाठीं प्रसिद्ध असलेल्या वैरागडचा किल्ला व वैनगंगेच्या कांठचीं मार्कंड्याचीं कोरीव देवळें त्यांस जवळ आहेत.

पालकांस एवढीच विनंति कीं, थंडीच्या दिवसांत एकदां मुलांस घेऊन ह्या कोटाभोंवतीं पायीं फिरावें. अनेक पिढ्यांनीं बांधलेली भिंत एका पिढीच्या दुर्लक्षानें पडूं शकते. ज्या भिंतीची ओळख लहानपणीं झाली, तिच्यावर मोठेपणीं कोणी कुदळ चालवणार नाहीं.