जेवण थांबलं तरी इन्सुलिन थांबवू नका

‘उलट्या होतायत, पोटात अन्न नाही, मग इन्सुलिन कशाला टोचायचं?’ हा मधुमेहातला सर्वांत घातक गैरसमज आहे. टाइप १ मधुमेहात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. आजारपणात ताणाची संप्रेरकं वाढतात आणि पोट रिकामं असलं तरी यकृत रक्तात साखर सोडत राहतं. ती वापरता येत नाही म्हणून शरीर चरबी जाळतं आणि त्यातून तयार होणाऱ्या कीटोनमुळे रक्तातलं आम्ल वाढतं. हाच डायबेटिक कीटोअॅसिडोसिस. तो एका दिवसातही जिवावर बेतू शकतो. साखर एकदम उतरेल, ही भीती मात्र खोटी नाही. म्हणूनच आजारपणात दर दोन-चार तासांनी साखर तपासायची आणि डॉक्टरांना विचारून डोस बदलायचा असतो. दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन पूर्ण बंद करणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

दुसरा गैरसमज ओळखण्यातला. उलट्या आणि पोटदुखी पाहून पित्त किंवा गॅस्ट्रो समजून वेळ जातो. सोबत खूप तहान, वारंवार लघवी, खोल आणि जलद श्वास, श्वासाला फळासारखा वास किंवा गुंगी असेल, तर लगेच साखर तपासावी. लहान मुलांना मधुमेह होत नाही, हेही खरं नाही. अनेक मुलांचं निदान याच अवस्थेत होतं. शिवाय साखर फार वाढलेली नसली म्हणजे धोका नाही, असंही नाही. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्या टाइप २ च्या रुग्णांत साखर २०० च्या खाली असतानाही कीटोन वाढू शकतात. म्हणून लघवीतले किंवा रक्तातले कीटोनही तपासले पाहिजेत.

‘गावातच एक सलाइन लावलं की बरं वाटेल’ हा तिसरा गैरसमज. सलाइन लागतंच, पण तेवढ्यानं भागत नाही. शिरेतून इन्सुलिन द्यावं लागतं. त्यानं रक्तातलं पोटॅशियम झपाट्यानं उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. त्यामुळे दर काही तासांनी रक्त तपासणारी प्रयोगशाळा आणि अतिदक्षता विभाग लागतो. उदाहरणार्थ, चंदगडहून कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय शंभरएक किलोमीटर दूर. चंदगडच्या घरात ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणणं परवडणारं नाही. १०८ ला फोन करावा आणि रुग्णाला मधुमेह आहे, हे आधी सांगावं. काढा, पथ्य यांवर विश्वास असणाऱ्यांनीही एक लक्षात घ्यावं : १९२२ मध्ये टोरांटोत पहिल्यांदा इन्सुलिन दिलं जाण्याआधी टाइप १ ची मुलं कडक पथ्य पाळूनही दगावत होती. आजारी पडल्यावर काय करायचं, हे डॉक्टरांकडून तब्येत बरी असतानाच लिहून घ्या.