पुन्हा तीच पायरी

१८ एप्रिल २००४ या दिवशी पुण्याच्या शीतल महाजन यांनी उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून पॅराशूटनं उडी घेतली. उंची दोन हजार चारशे फूट, तापमान उणे ३७ अंश. ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी. त्याआधी सरावाची म्हणून एकही झालेली नव्हती. त्यांच्या धाडसाचं तेव्हा खूप कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पुढे १५ डिसेंबर २००६ रोजी त्यांनी अंटार्क्टिकावर उडी घेतली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये थायलंडला त्यांनी चक्क नऊवारी नेसून उडी मारली. या बातम्या आपण वाचल्या. पण बातमीच्या शेवटच्या ओळीत एक आकडा असायचा, तो बहुधा आपल्या नजरेतून निसटला. नऊवारीतल्या उडीपर्यंत त्यांच्या नावावर सातशेच्या आसपास उड्या जमा झाल्या होत्या.

पहिली उडी धाडसाची, हे कुणालाही कळतं. मग बाकीच्या सातशे कशाच्या? मंडळी, आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

हवाई उडी शिकण्याच्या मुख्य वाटा दोन. जुनी वाट लष्कराची. तिथे पॅराशूटची दोरी विमानाला अडकवलेली असते. माणूस दारातून बाहेर पडला की दोरी ताणली जाते आणि छत्री आपोआप उघडते. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये या पद्धतीनं पाच उड्या पुऱ्या झाल्या की जवानाच्या गणवेशावर पंखांचं चिन्ह चढतं. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशाच्या युद्धात टांगाईलला आकाशातून उतरलेली दुसरी पॅरा बटालियन मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची. या पोरांनी विमानाचं दार बघण्याआधी जमिनीवर किती कोलांट्या खाल्ल्या असतील, मनोऱ्यावरून किती वेळा खाली झेप घेतली असेल, याचा हिशेब इतिहासात येत नाही.

दुसरी वाट नागरी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती अमेरिकेत रुळली आणि मग जगभर गेली. तिचं नाव अ‍ॅक्सिलरेटेड फ्री फॉल, थोडक्यात एएफएफ. इथे शिकणारा पहिल्याच उडीत बारा-तेरा हजार फुटांवरून बाहेर पडतो. छत्री पाठीवर बंद असते. दोन बाजूंना दोन प्रशिक्षक त्याला धरून असतात. साडेपाच हजार फुटांच्या सुमारास त्यानं स्वतःच्या हातानं छत्री उघडायची. ती कोण उघडतो, याला इथे फार महत्त्व आहे.

या शिक्षणाच्या साधारण सात-आठ पायऱ्या असतात. ठिकाणागणिक थोडा फरक पडतो, पण क्रम असाच. पहिल्या पायरीवर काम अगदी साधं वाटेल असं. मनगटावरचं उंचीमापक बघायचं, क्षितिज बघायचं, छत्रीच्या मुठीकडे हात नेऊन ती चाचपायची आणि वेळ झाली की ओढायची. तिसऱ्या पायरीवर प्रशिक्षक काही क्षण हात सोडतात. आपण एकटे स्थिर राहतो का, ते बघतात. चौथीपासून एकच प्रशिक्षक सोबत. मग ठरवून डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं, थांबायचं. पुढे पूर्ण गिरकी, मग कोलांटी मारून पुन्हा पालथं स्थिर होणं, मग एकट्यानं दारातून बाहेर पडणं. प्रत्येक पायरीची एक छोटी यादी असते. यादी पुरी झाली तर पुढची पायरी. नाही झाली तर पुन्हा तीच.

आता थोडं गणित करू. तेरा हजार फुटांवरून साडेपाच हजारांपर्यंत पडायला सुमारे पंचेचाळीस सेकंद लागतात. पहिल्या दहा-बारा सेकंदांत शरीराचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो आणि मग हवेचा विरोध त्याला तिथेच धरून ठेवतो. म्हणजे सातही पायऱ्या एका फटक्यात पार करणाऱ्या हुशार विद्यार्थ्यालाही हवेत शिकायला मिळतात फक्त सव्वापाच मिनिटं. तुर्भ्याहून लोकलनं कोपरखैरण्याला पोचायला साधारण एवढाच वेळ लागतो. जगातली कुठली विद्या सव्वापाच मिनिटांत येते? सायकलसुद्धा येत नाही. हा हिशेब मांडला की पायरी पुन्हा करावी लागण्यात आश्चर्य उरत नाही. उलट कुणाला ती एकदाही पुन्हा करावी लागत नाही, याचंच आश्चर्य वाटतं.

आमच्या इमारतीतल्या एका मुलीमुळे मी या विषयाकडे वळलो. तिचे वडील बाजार समितीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी होते. तिला संगणकाच्या कंपनीत नोकरी आहे. आपल्याकडे नागरी हवाई उड्यांच्या सोयी थोड्या, म्हणून तीन वर्षं पैसे साठवून, रजा जोडून ती थायलंडला गेली. पहिल्या तीन पायऱ्या सरळ पार झाल्या. चौथीवर प्रशिक्षकानं हात सोडला आणि ती आपोआप गोल फिरायला लागली. थांबवायला जावं तर आणखी जोरात. पायरी पुन्हा. दुसऱ्या दिवशी तेच. पुन्हा. प्रत्येक जादा उडीचे पैसे वेगळे, रजा संपत आलेली. तिनं घरी फोन केला, तर वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, "म्हंजे नापास झालीस का गं?"

ती फिरत का होती? हे तिनं मला नंतर समजावून सांगितलं. बॅडमिंटनचं फूल आठवा. कसंही फेकलं तरी ते बूच खाली करूनच पडतं, कारण जड भाग खाली आणि पिसं वर. माणसानंही हवेत तसंच व्हायचं असतं. पोट पुढे काढायचं, हात-पाय वर-मागे सैल सोडायचे, शरीराचा बाक करायचा. मग हवाच तुम्हाला सरळ ठेवते. पण एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त दुमडला तर दोन्ही बाजूंना हवा सारखी लागत नाही आणि शरीर भोवऱ्यासारखं फिरतं. भीतीनं माणूस आखडला की पाय नेमका दुमडतो. आणि गंमत अशी, की तो दुमडलाय हे त्याला कळतच नाही.

"चाचा, मला शप्पथ वाटत होतं की माझे दोन्ही पाय सरळ आहेत," ती म्हणाली. "खाली आल्यावर त्यांनी फीत दाखवली. डावा पाय पार मुडपलेला. तो पाय माझाच आहे यावर माझा विश्वास बसेना."

उडी संपली की प्रशिक्षक शिष्याला घेऊन बसतात. हवेत घेतलेली चित्रफीत लावतात. हे बरं झालं, हे राहिलं, का राहिलं, पुढच्या वेळी काय करायचं. सगळं पाच-दहा मिनिटांत. मग जमिनीवर पालथं झोपवून तोच पाय पुन्हा पुन्हा ताणायला लावतात. तिसऱ्या खेपेला तिचा पाय सरळ राहिला. ती चौथी पायरी पार करून परतली. पाचवीचे पैसे नव्हते.

इथे एक प्रश्न सहज मनात येतो. पोरीनं एवढे पैसे घातले, एवढ्या लांबून आली, तर थोडं सांभाळून घेऊन पुढे ढकलली असती तर काय बिघडलं असतं? उत्तर सरळ आहे. पाचव्या पायरीवर पूर्ण गिरकी घ्यायची असते. ज्याला फिरणं थांबवता येत नाही, त्याला गिरकी घ्यायला सांगणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं. फिरत असताना उंचीमापक दिसत नाही आणि मूठ सापडत नाही. विद्यार्थ्याच्या पाठीवर एक यंत्र असतं. ठरलेल्या उंचीपर्यंत छत्री उघडली नाही तर ते राखीव छत्री उघडतं. पण यंत्र आहे म्हणून अडाणी राहायला कुठलाही शहाणा प्रशिक्षक परवानगी देत नाही. तिथे दया दाखवायची रीत एकच. पुढे जाऊ न देणं.

तिचे वडील नंतर मला बाजाराच्या कोपऱ्यावर भेटले. लेकीच्या फिती त्यांनीही पाहिल्या होत्या. म्हणाले, "आमच्यात नवा गडी आला की तो जोरानं गोणी उचलतो. पाठीत भरतो आणि बसतो घरी. गोणी जोरानं उचलायची नसती, तोलानं उचलायची असती. ते त्याला सांगून कळत नाही. अंगाला कळावं लागतं." सातशे उड्या कशाच्या, या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला या माणसाकडून मिळालं. डोक्याला एकदा सांगितलं की कळतं. अंगाला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

ही गोष्ट आपल्या जुन्या शाळांना ठाऊक होती. तालमीत वस्ताद एकच डाव महिनाभर घोटून घेतो. गाणाऱ्याचा षड्ज वर्षानुवर्षं चालतो. मदरशात कुराण पाठ करणारी मुलं असतात, त्यांची रीत मी लहानपणापासून पाहत आलो आहे. रोज नव्या पाठाला सबक म्हणतात. पण आधीचं पक्कं ऐकवल्याशिवाय उस्ताद नवा सबक देत नाहीत. अडखळलास? जा, तोच घेऊन ये. या मागच्या पाठांच्या उजळणीला एक सुंदर फारसी शब्द आहे, आमोख्ता. त्याचा मूळ अर्थ काय, तर "शिकलेलं". जे पुन्हा म्हणून दाखवता येतं तेच शिकलेलं, बाकीचं नुसतं ऐकलेलं. तोच सबक पुन्हा आणणाऱ्या मुलाला त्या ओळीत कुणी हसत नाही, कारण प्रत्येकावर ती पाळी येऊन गेलेली असते.

आकाशातही आमोख्ता आहे. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या पहिल्या, म्हणजे अ वर्गाच्या परवान्यासाठी किमान पंचवीस उड्या लागतात. पण परवाना खिशात आला म्हणून विद्या कायमची झाली, असं ते मानत नाहीत. या वर्गाच्या माणसानं साठ दिवस उडी घेतली नसेल, तर त्याला पुन्हा प्रशिक्षकासमोर उभं राहून उजळणी करावी लागते.

आता आपल्या शाळांकडे बघू. आमच्या पिढीला एका विषयात चार गुण कमी पडले, तर सबंध वर्ष पुन्हा काढावं लागे. जे येत होतं तेही पुन्हा, आणि वर कपाळावर शिक्का. निकालाच्या दिवशी घर सोडून पळालेली पोरं प्रत्येक वस्तीला माहीत आहेत. त्यावर उपाय म्हणून २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ठरवलं, की आठवीपर्यंत कुणालाही मागे ठेवायचं नाही. हेतू चांगला होता. पण अनेक ठिकाणी असं झालं, की मूल पुढे सरकलं आणि वाचन मागेच राहिलं. मग २०१९ च्या दुरुस्तीनं राज्यांना पाचवी आणि आठवीला परीक्षा घ्यायची, त्यात न जमल्यास फेरपरीक्षेची संधी द्यायची आणि तरीही न जमल्यास त्याच वर्गात ठेवायची मुभा दिली. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ती स्वीकारली. म्हणजे आपण शिक्क्याकडून ढकलण्याकडे गेलो आणि ढकलण्याकडून पुन्हा शिक्क्याच्या दिशेनं निघालो.

एएफएफच्या पायऱ्या तिसरी वाट दाखवतात. तिथे अडलेलं तेवढंच पुन्हा करायचं असतं. चौथीवर अडलेल्याला पहिलीपासून सुरुवात करायला लावत नाहीत. का अडलं, ते त्याच दिवशी दाखवतात. पुन्हा संधी पुढच्या मार्चमध्ये मिळत नाही, हवा ठीक असेल तर दुपारी मिळते. आणि पार झाल्यावर ती पायरी किती खेपांत पार झाली, हे पुढच्या पायरीवर कुणी विचारत नाही. गुणाकारात अडलेल्या मुलाला भागाकाराकडे न ढकलता आणि सबंध वर्षही न बुडवता, पंधरा दिवस फक्त गुणाकार देता येणार नाही का? त्यासाठी वर्गात मुलं कमी आणि शिक्षकाला वेळ जास्त हवा, हे खरं. आकाशात एका शिष्यामागे दोन गुरू असतात. आपल्या पालिकेच्या शाळांना ते परवडणार नाही. पण अडलेल्या मुलाचा "पाय" नेमका कुठे दुमडलाय, हे त्याला त्याच दिवशी सांगणं तरी परवडायला हवं.

मराठीत "पुन्हा" हा शब्द आपण दोन प्रकारे वापरतो. "पुन्हा तेच केलंस?" हा एक. त्यात काठी आहे. "पुन्हा एकदा म्हण बघू" हा दुसरा. त्यात समोरच्या माणसाचा वेळ आहे, त्याची वाट बघायची तयारी आहे. तेरा हजार फुटांवरच्या दारात उभ्या असलेल्या पोरीला दुसरा "पुन्हा" ऐकू आला, म्हणून ती तिसऱ्यांदा उभी राहू शकली. आमच्या इमारतीतल्या या मुलीनं आता पाचव्या पायरीसाठी पैसे साठवायला सुरुवात केली आहे. वडील शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतात, "चार झाल्या, चार राहिल्या." नापास हा शब्द त्या घरात आता कुणी उच्चारत नाही.